एकट्याचा डाव

पत्त्यांचा कॅट हातात घेऊन एखादा माणूस एकटाच बसलेला दिसला, म्हणजे आपल्या घरांतून त्याच्याकडे थोड्याशा कीवेनेच पाहिले जाते. पत्ते म्हणजे चारचौघांचा मेळा, अशी आपली समजूत. मे महिन्याच्या सुट्टीतील दुपार, सतरंजीवर कोंडाळे करून बसलेली आतेमामेभावंडे, 'बदाम सात'मधील अडवाअडवी, झब्बूत शेवटी उरलेल्या गड्याची फजिती आणि मेंढीकोट लागल्यावर उठणारा कल्लोळ, हे सारे पत्ते म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढे येते. रमी, ब्रिज, तीनशेचार हे खेळ मोठ्या माणसांचे खरे. पण त्यांनाही समोर कोणीतरी लागतेच. तेव्हा स्वतःच पाने पिसावयाची, स्वतःलाच वाटावयाची आणि शेवटी स्वतःशीच हरावयाचे, ह्यात मौज ती कसली, असा प्रश्न मलाही एके काळी पडत असे. त्याचे उत्तर मिळावयास मला बरीच वर्षे लागली, आणि ते ज्या रीतीने मिळाले ती थोडी लाजिरवाणी आहे. श्रोतेहो, ती हकीकत मी आज सांगणार आहे. परंतु तिच्याआधी खेळाची नीट ओळख करून दिली पाहिजे.

इंग्लंडात ह्या खेळाला 'पेशन्स' म्हणतात आणि अमेरिकेत 'सॉलिटेअर'. खरे म्हणजे हे एका खेळाचे नाव नव्हे, एका मोठ्या कुळाचे आहे. एकट्याने मांडावयाचे असे शेकडो डाव आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषेतील खेळांच्या एका पुस्तकात त्याचे वर्णन आढळते. पुढच्या शतकात तो युरोपभर पसरला, आणि १८७०च्या सुमारास लेडी ॲडेलेड कॅडोगन ह्या बाईंनी अशा डावांचे सचित्र पुस्तक लिहून इंग्रजी दिवाणखान्यांत त्याला मानाची जागा मिळवून दिली. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांतता' ह्या कादंबरीच्या उपसंहारात, पती आणि धाकटा मुलगा गमावून बसलेली वृद्ध काउंटेस अशीच पेशन्स मांडून बसलेली आपल्याला भेटते. ज्यांच्या आयुष्यातील मोठे डाव संपले आहेत, अशा माणसांना ह्या लहान डावाचा आधार वाटत आला आहे.

मला मौज वाटते ती ह्या खेळाच्या नावांची. इंग्रजांनी त्याला नाव दिले 'धीर'. अमेरिकनांनी पाहिला तो खेळणाऱ्याचा एकटेपणा. फ्रेंचांमध्ये त्याला 'रेउसित', म्हणजे 'यश', असेही म्हणतात. कारण मनात एखादी इच्छा धरून डाव मांडावयाचा आणि तो सुटला तर इच्छा फळेल असे समजावयाचे, अशी तिकडे रीत होती. डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये तर त्याचे नाव 'कबाले'. त्या शब्दाचे मूळच गूढविद्येत आहे. खेळ एकच, पण एकाला त्यात धीर दिसला, दुसऱ्याला एकांत, तिसऱ्याला यश आणि चौथ्याला भविष्य. मला त्यात पाचवीच एक गोष्ट सापडली. ती पुढे सांगतो.

ह्या कुळातील ज्या डावाविषयी मी बोलणार आहे, त्याचे नाव 'क्लोंडाइक'. हा कॅनडातील एक प्रदेश. १८९६ मध्ये तेथे सोने सापडले आणि हजारो माणसे त्या बर्फाच्या मुलखाकडे धावली. नाव अपरिचित वाटले, तरी डाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. १९९० मध्ये मायक्रोसॉफ्टची 'विंडोज' ह्या संगणकप्रणालीची तिसरी आवृत्ती निघाली, तिच्याबरोबर हा खेळ जगातील कचेऱ्याकचेऱ्यांतून शिरला. तो लिहिला होता वेस चेरी नावाच्या एका उमेदवारी करणाऱ्या तरुणाने. त्याने त्यात एक कळ अशी ठेवली होती की, वरिष्ठ येताना दिसले की ती दाबावी आणि डावाच्या जागी हिशेबाचा एक खोटा तक्ता पडद्यावर यावा. कंपनीने ती कळ काढून टाकावयास लावली. ही कळ राहिली असती, तर २००६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या सेवेतील एका माणसाची नोकरी कदाचित वाचली असती. महापौर मायकेल ब्लूमबर्ग कचेरीला भेट देण्यास आले असता त्याच्या पडद्यावर नेमका हा डाव त्यांना दिसला, आणि त्याला घरी जावे लागले.

ही बातमी वाचून मी मनातून दचकलो होतो. सरकारी नोकरीत लागून मला तेव्हा दोनच वर्षे झाली होती, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास, टपाल येऊन गेल्यावर, माझ्याही पडद्यावर तो हिरवा पट उलगडत असे. पाने आपोआप पिसली जात, आपोआप मांडली जात; डाव सुटला की सारी पाने कारंज्यासारखी उडत. दोन मिनिटांत एक डाव. नाही सुटला तर दुसरा, तोही नाही तर तिसरा. दिवसाकाठी आपण किती डाव हरलो, ह्याची मला कधी खंत वाटली नाही. कारण हरणे म्हणजे काय, हेच मुळी तेथे जाणवत नसे.

खरा डाव मला शिकविला तो आत्याने. माझी आत्या इंदूरला राहत असे. मुलींच्या शाळेत तिने गणित शिकविण्यात जन्म घालविला. महूच्या छावणीत वाढलेल्या एका अँग्लो-इंडियन सहशिक्षिकेकडून ती तरुणपणी हा खेळ शिकली होती, आणि आतोबा गेल्यानंतर तर रात्रीच्या जेवणानंतर एक डाव हा तिचा नेमच होऊन बसला होता. एकच डाव; सुटो अथवा अडो, दुसरा मांडावयाचा नाही. मांडीवर पाट, पाटावर जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा, आणि कडा मऊ पडलेला पत्त्यांचा कॅट. मला कचेरीतील यंत्रावर हा डाव येतो, असे मी मोठ्या ऐटीने तिला सांगितले. तिने विचारले, "ते यंत्र तुला झाकलेलं पान उचलून पाहू देतं का रे?" मी म्हटले, "छे, मुळीच नाही." "मग तू पाहिलं नाहीस, ह्यात तुझं काय?" एवढे बोलून तिने कॅट माझ्या हातात दिला.

मांडणी सोपी आहे. डावीकडून उजवीकडे सात रांगा करावयाच्या. पहिल्या रांगेत एक पान, दुसरीत दोन, असे करीत सातवीत सात. प्रत्येक रांगेतील सर्वांत वरचे पान तेवढे उघडे, बाकीची पालथी. अशी २८ पाने मांडली जातात; त्यांपैकी सात उघडी आणि २१ झाकलेली. उरलेली २४ पाने हातात राहतात. उघड्या पानांवर उतरत्या क्रमाने पाने लावीत जावयाचे, पण रंग पालटून. म्हणजे तांबड्या नव्वीवर काळी अठ्ठी, काळ्या अठ्ठीवर तांबडी सत्ती. लावलेली रांग तशीच उचलून दुसऱ्या योग्य पानावर नेता येते. उघडे पान हलले की त्याच्याखालचे पालथे पान उलटावयाचे. एखादी रांग रिकामी झाली, तर त्या जागी फक्त राजा बसू शकतो. एक्के निघतील तसे वर वेगळे ठेवावयाचे आणि त्यांच्यावर इस्पिकवर इस्पिक, बदामावर बदाम अशी दुर्रीपासून राजापर्यंत चढती पाने रचावयाची. हातातील पाने तीन-तीन करून उलटावयाची. तिसरे पान तेवढे वापरता येते. ते लागले तर त्याच्याखालचे. कॅट संपला की तो पालथा करून पुन्हा सुरुवात. चारही राजे वर जाऊन बसले की डाव सुटला.

नियम पाच मिनिटांत कळतात. खेळ कळावयास एखादे वर्ष लागते. नवखा माणूस दिसेल ती चाल करून मोकळा होतो. आत्याच्या खेळाकडे पाहिले म्हणजे न केलेल्या चालीचे महत्त्व ध्यानात येई. एक्का आणि दुर्री वर ठेवण्यास तिचा विलंब नसे. पण पंजी-छक्की वर पाठविण्याची ती घाई करीत नसे, कारण तीच पाने खाली राहिली तर दुसऱ्या पानांना टेकावयास जागा देतात. हाताशी राजा तयार नसेल, तर रांग रिकामी करण्यात ती अर्थ मानीत नसे. रिकामी जागा शोभेची नव्हे, असे ती म्हणे. हातातील कॅटमधून एक पान घेतले की पुढच्या फेरीत मागच्या सर्व पानांची जागा बदलते, हे ध्यानात ठेवून ती कधीकधी लागणारे पानही सोडून देई. आणि दोन रांगांपैकी एकच मोकळी करता येण्यासारखी असेल, तर जिच्याखाली झाकलेली पाने अधिक ती आधी मोकळी करावयाची, हा तिचा आवडता दंडक होता. जेथे अज्ञान अधिक, तेथे आधी हात घालावा. हा दंडक आपण लक्षात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. त्याच्यावर माझी सारी हकीकत अवलंबून आहे.

येथे कोणी विचारील की, एवढे शहाणपण खर्चूनही डाव सुटतो तो किती वेळा? ह्या प्रश्नाने मोठमोठ्या डोक्यांना झुलविले आहे. १९४६ मध्ये स्टानिस्लाव्ह उलाम हे गणिती एका दुखण्यातून उठत असताना वेळ घालविण्यासाठी 'कॅनफील्ड' नावाचा पेशन्स खेळत होते. हा डाव सुटण्याचा संभव किती, हे सूत्रांनी काढण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, आणि मग त्यांच्या मनात आले की, सूत्र कशाला? डाव शंभर वेळा मांडावा आणि किती वेळा सुटला ते मोजावे! ह्या साध्या विचारातून, जॉन फॉन नॉयमान ह्यांच्या साहाय्याने, गणनाची 'मोंटे कार्लो' पद्धत जन्माला आली. अणुकेंद्रातून सुटलेला न्यूट्रॉन कसा भटकेल, ह्यापासून भांडवलबाजारातील जोखमीपर्यंत असंख्य हिशेबांसाठी ती आज वापरतात. आजाऱ्याच्या अंथरुणावर मांडलेल्या एका डावातून एवढी विद्या निघाली.

आपल्या क्लोंडाइकचा हिशेब मात्र अलीकडे लागला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या साहाय्याने असे दाखविले की, झाकलेल्या सर्व पानांची जागा आधीच ठाऊक असेल, तर शंभरातील सुमारे ८२ डाव सुटू शकतात. उरलेले १८ ब्रह्मदेव आला तरी सुटावयाचे नाहीत. आपणा मर्त्यांना झाकलेली पाने दिसत नाहीत. त्यामुळे आपले यश ह्याच्यापेक्षा कितीतरी कमी. आत्याला पाच-सहा डावांमागे एक सुटे. ह्या आकड्यांचा मी पुष्कळ विचार केला आहे. अडलेल्या डावांत दोन जाती असतात. एक मुळातच न सुटणारा, आणि दुसरा सुटण्यासारखा असून आपल्या हातून बिघडलेला. दोन्ही पाटावर अगदी सारखेच दिसतात. आपल्या हातचा डाव कोणत्या जातीचा होता, हे सांगणारे कोणीही नसते. दैवाला बोल लावावा तर आपली चूक असू शकते. स्वतःला बोल लावावा तर डावच वांझ असू शकतो. तेव्हा मुकाट्याने पाने गोळा करावी, एवढेच शहाणपण उरते.

आता ती हकीकत. २०१५च्या दिवाळीत मी रजा काढून इंदूरला गेलो होतो. आत्या फार थकली होती; बोटे थरथरत, पाने पिसताना दोन-चार खाली पडत. पण नेम चालू होता. त्या रात्रीचा डाव बरा रंगला होता आणि एका जागी येऊन अडला. तीन एक्के वर होते. चौकटचा एक्का तेवढा निघत नव्हता. बदामची अठ्ठी मोकळी होती, आणि तिच्यावर लागू शकतील अशा काळ्या सत्त्या दोन. चौथ्या रांगेत इस्पिकची, सहाव्या रांगेत किलवरची. चौथ्या रांगेत सत्तीखाली एकच पान झाकलेले होते, सहाव्या रांगेत चार. औषधाची वेळ झाली म्हणून बाई तिला आत घेऊन गेल्या. मी एकटाच पाटासमोर बसलो होतो. चौथ्या रांगेतील झाकलेल्या पानाचा कोपरा मी किंचित उचलला. चौकटचा एक्का!

ती परत येऊन बसली. तिचा हात दंडकाप्रमाणे सहाव्या रांगेकडे वळला, तोच मी म्हणालो, "आत्या, चौथीतलं घेऊन बघ ना." तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मग काही न बोलता इस्पिकची सत्ती उचलली. एक्का निघाला आणि पुढे अर्ध्या घटकेत डाव सुटला. "सुटला हो," एवढेच ती म्हणाली आणि दिवा मालवावयास सांगितले. थकल्या जिवाला आपण चार घटकांचा आनंद दिला, ह्या समाधानात मला त्या रात्री छान झोप लागली.

पुढच्या वर्षी आत्या गेली. तिच्या कपाटात पत्त्यांच्या कॅटाबरोबर मला शाळेच्या वह्यांसारख्या काही शंभरपानी वह्या मिळाल्या. प्रत्येक ओळीत एक तारीख आणि तारखेपुढे एक अक्षर. 'सु' म्हणजे सुटला, 'अ' म्हणजे अडला. वर्षानुवर्षांचे 'अ', आणि मधून मधून एखादा 'सु'. मी त्या दिवाळीची तारीख शोधून काढली. तेथे कापऱ्या अक्षरात लिहिले होते : "सु. धरू नये. पान पाहिले गेले."

तिने ओळखले होते. कसे ओळखले, हेही माझ्या ध्यानात आले. तिचा दंडक तिनेच मला शिकविलेला. तो मोडून, कारण न देता, इतक्या खात्रीने कोणी चाल सुचवीत असेल, तर त्याने पान पाहिले असलेच पाहिजे. परंतु वहीतील त्या चार शब्दांत मला अधिक लागले ते तिचे कर्मणी वाक्य. आम्हा सरकारी माणसांना कर्मणी प्रयोगाचा मोठा आधार असतो. 'निर्णय घेण्यात आला', 'विलंब झाला', 'नस्ती आढळून येत नाही'. करणारा कोण, ते वाक्यात कोठेच सापडावयाचे नाही. आम्ही तो प्रयोग स्वतःला झाकण्यासाठी वापरतो. आत्याने तो मला झाकण्यासाठी वापरला होता. स्वतःच्या वहीत, जी दुसरे कोणी वाचणार नव्हते, तीतही तिने भाच्याचे नाव लिहिले नाही. पण डाव मात्र धरला नाही.

ह्यानंतर दोनेक वर्षांनी कचेरीत एक प्रसंग आला. मुदतीत जावयाचा एक अहवाल माझ्या टेबलाच्या खणात नऊ दिवस पडून राहिला. दोष माझाच होता. हाताखालच्या अनुभवी गृहस्थांनी सुचविले, "साहेब, मागची तारीख घाला, आवक-जावक आपल्याच हातात आहे." तसे केले असते तर जगात कोणालाही कळले नसते. निदान 'विलंब झाला आहे' असे लिहून तरी मी मोकळा झालो असतो. मी लिहिले, 'ह्या प्रकरणी मी नऊ दिवस विलंब केला.' माझ्याकडून खुलासा मागविण्यात आला, आणि माझ्या सेवापुस्तकात त्याची नोंदही झाली. ह्यात मोठेपणा काही नाही. लिहिताना माझा हात दोनदा थांबला होता, आणि त्या नोंदीचे पुढे परिणाम भोगताना मी कुरकुरही पुष्कळ केली. परंतु तारीख मागे ओढावयाची म्हटली, की डोळ्यांपुढे उचललेल्या पानाचा तो कोपरा येई.

ह्या खेळात धीर आहे, एकांत आहे, कधीकाळी यशही आहे. मला त्यात सापडलेली पाचवी गोष्ट ती हीच. समोर गडी नाही, पंच नाही, पैज नाही, पाहणारा कोणी नाही; पान उचलून पाहिले तर विचारणारा कोणी नाही. अशा ठिकाणी माणूस नियम पाळतो तो कोणासाठी? यंत्रावर खेळताना हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे सचोटी यंत्राची असते. पाटावरच्या डावात ती आपल्याजवळची काढावी लागते, आणि रोज काढावी लागते. फसवून सोडविलेला डाव दिसावयास सुटलेल्या डावासारखाच दिसतो; पण तो सोडविणाऱ्याला मात्र ठाऊक असते की, आज डाव झालाच नाही.

आपल्या घरात कोठेतरी, खणाच्या तळाशी, सुट्टीत आलेल्या मुलांनी टाकून दिलेला एखादा कॅट असेलच. ५२ पाने भरतात की नाही ते मोजून पाहावे. नाहीतर एखादा एक्का कपाटाखाली असावयाचा आणि आपण दैवाला दोष देत बसावयाचे! जेवण झाल्यावर एक डाव मांडावा, एकच. आत्याचा कॅट आता माझ्याकडे आहे, आणि तिच्या शेवटच्या वहीतील कोरी पाने मी भरीत असतो. तीत 'अ' पुष्कळ आहेत. काल रात्रीही 'अ'च लिहिला. किलवरची राणी शेवटपर्यंत झाकलेलीच राहिली. तिच्याखाली काय होते, ते मी पाहिले नाही.